हक्क माणसाचा की करारनाम्याचा?

दिल्लीत आरोग्याविषयी एखादे धोरण ठरले म्हणजे राज्याराज्यांच्या राजधान्यांत त्याचे पडसाद उमटतात. कोणी त्याचे स्वागत करतो, कोणी ते धुडकावून लावतो, कोणी त्याच्या पाटीवर आपल्या नावाची दुसरी पाटी ठोकतो. जाहिरातींनी वृत्तपत्रांची पाने भरतात, चौकाचौकांत फलक लागतात, विधिमंडळांत बाके वाजतात. या सगळ्या गदारोळात इस्पितळाच्या खाटेवर पडलेला रुग्ण मात्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. त्याला एवढेच विचारायचे असते की, माझ्या हातातले हे कार्ड उद्या चालेल काय? आणि या साध्या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देण्याची छाती ना केंद्राला झाली आहे, ना राज्यांना.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. केंद्राने आपले धोरण वेळोवेळी बदलावे आणि राज्यांनी त्यास आपापल्या मगदुराप्रमाणे उत्तर द्यावे, हा संघराज्याचा रिवाजच आहे. त्याला आमची ना नाही. परंतु उपचाराचा हक्क हा दोन सरकारांमधील करारनाम्याचे शेपूट होऊन बसला, तर तो हक्क राहत नाही; ती मर्जी होते. मर्जी आज असते, उद्या नसते. रोगाला मात्र उद्याची वाट पाहण्याची सवय नसते.

प्रथम अधिकाराचा प्रश्न पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय लिहिलेले आहेत. म्हणजे जबाबदारी राज्यांची. पण पैसा? मोठ्या करांचा ओघ दिल्लीच्या हौदात पडतो आणि तेथून वाटेकऱ्यांच्या ओंजळीत येतो. घटनेच्या २८२ व्या कलमाने, विषय आपल्या कायद्याच्या कक्षेत नसला तरी, सार्वजनिक प्रयोजनासाठी अनुदान देण्याची मुभा केंद्राला ठेवली आहे. याच खिडकीतून केंद्राच्या योजना राज्यांच्या घरात शिरतात. काम एकाचे, पैसा दोघांचा आणि श्रेय मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचे, अशी ही भागीदारी आहे. भांडणाचे बी येथेच पेरले गेले.

पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व काही आजचे नव्हे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने ते १९४६ सालीच मांडले होते. स्वराज्य आले. १९४८ मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी राज्य विम्याचा कायदा झाला. १९५४ मध्ये केंद्राने आपल्या नोकरवर्गासाठी स्वतंत्र आरोग्य योजना सुरू केली. या दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. परंतु नांगर धरणारा, विटा वाहणारा, हातमागावर बसणारा, घरोघरी भांडी घासणारी यांपैकी कोणीच त्या कुंपणाच्या आत नव्हते. त्यांना सरकारी दवाखान्यात जागा मिळाली तर मिळाली. एरव्ही सावकार होताच.

ही उणीव भरून काढण्यास आधी राज्ये पुढे सरसावली, हे येथे नमूद केले पाहिजे. कर्नाटकाने २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना काढली. अविभक्त आंध्रात २००७ मध्ये आरोग्यश्री आली. तामिळनाडूने २००९ मध्ये स्वतःची विमा योजना आणली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव लाभले. केंद्राची २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, पण तिचे छत्र वर्षाला अवघ्या ३० हजार रुपयांचे आणि कुटुंबातील पाचच जणांना पुरणारे. हृदयाच्या शस्त्रक्रियेपुढे त्या रकमेची मातब्बरी ती काय?

मग २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा शंख फुंकला गेला. दर कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचार मोफत, कुटुंबात माणसे किती याला मर्यादा नाही, आणि देशातल्या कोणत्याही राज्यातील नोंदलेल्या रुग्णालयात कार्ड चालावे, अशी ही योजना. खर्चाची वाटणी केंद्राचे ६० टक्के व राज्याचे ४० टक्के. ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांसाठी ९० व १० टक्के. सुमारे पावणेअकरा कोटी कुटुंबे पात्र ठरली. कल्पना मोठी होती आणि तिने लाखो घरे कर्जातून वाचविली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु पात्र कुटुंबांची यादी कोठली? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातनिहाय गणनेतली. ज्याचे दैन्य त्या वर्षी गणनाकाराच्या नोंदवहीत उतरले तो पात्र. ज्याचे दैन्य पुढल्या वर्षीच्या अवर्षणाने आले तो अपात्र. दारिद्र्याला जन्मतारीख असते, हा शोध येथे प्रथम लागला.

या योजनेला राज्यांनी जी उत्तरे दिली ती ध्यानात घेण्यासारखी आहेत. कारण त्यांतच आजच्या गोंधळाची मुळे आहेत.

पहिले उत्तर सामील होऊन भर घालण्याचे. महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू, केरळ या राज्यांच्या योजना केंद्राच्या यादीपेक्षा रुंद होत्या. त्यांनी केंद्राचा हिस्सा घेतला, आणि यादीबाहेरच्या कुटुंबांचा भार स्वतःच्या तिजोरीवर ठेवला. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक असे जोडनाव झाले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना पाच लाखांचे छत्र मिळाले. रेषेवरच्यांना खर्चाच्या ३० टक्के आणि तेही दीड लाखांपर्यंत. महाराष्ट्रात तर मौजच झाली. केंद्राच्या यादीत सुमारे ८४ लाख कुटुंबे. राज्याच्या योजनेत एकंदर सव्वादोन कोटींच्या घरात. एकाच गल्लीत, एकाच भिंतीला भिंत लावून राहणारे दोन शेजारी घ्या. एकाचे नाव २०११ च्या यादीत, म्हणून त्याला पाच लाखांचे छत्र आणि १,२०९ उपचार. दुसऱ्याच्या हाती केशरी शिधापत्रिका, म्हणून त्याला दीड लाखांचे छत्र आणि ९९६ उपचार. दोघांची मजुरी तीच, दोघांचा रोगही तोच. भेद काय तो कागदाचा. ही विषमता दूर करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, सर्व शिधापत्रिकाधारकांना व अधिवासींना पाच लाखांचे छत्र देण्याचे ठरले आणि त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून झाली. पाच वर्षे त्या दुसऱ्या शेजाऱ्याने काय करावे अशी सरकारची अपेक्षा होती, हे कोणीही सांगितले नाही.

दुसरे उत्तर नकाराचे. ओडिशाने बिजू स्वास्थ्य कल्याण योजना पुढे केली. पश्चिम बंगाल आधी सामील झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. ४० टक्के पैसा आमचा आणि घरोघरी जाणाऱ्या पत्रावर छायाचित्र एकट्या पंतप्रधानांचे, ही त्याची तक्रार होती. तेलंगणाने आरोग्यश्रीकडे बोट दाखविले. दिल्लीच्या तत्कालीन राज्य सरकारने आमची व्यवस्था अधिक चांगली असे सांगितले. या राज्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याची योजना आधीची, जिचा घेर मोठा, त्याने आपल्या घराचे नाव पुसून दुसऱ्याचे का लिहावे? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य मिळविण्याची केंद्राची हौस लपण्यासारखी नव्हती.

परंतु या मानापमानाची किंमत कोणी मोजली? घर सोडून पोटामागे गेलेल्यांनी. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतेच्या यंत्रमागांवर राबायला आलेला विणकर, बंगालमधून पणजीच्या बांधकामावर आलेला गवंडी यांना परराज्यात केंद्रीय कार्डाचा आधार उरला नाही. राज्याची योजना घरी कितीही उदार असली, तरी ती गावच्या वेशीपाशी थांबली. स्वाभिमान मुख्यमंत्र्यांचा राखला गेला आणि देयक मजुराच्या माथी आले.

तिसरे उत्तर सर्वांत बोलके आहे: नकार देऊन मग सामील होण्याचे. तेलंगणाने २०२१ मध्ये केंद्राशी हातमिळवणी केली. ओडिशात २०२४ मध्ये सत्तांतर झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. दिल्लीत फेब्रुवारी २०२५ मध्ये नवे सरकार आले आणि ५ एप्रिल २०२५ रोजी तेथेही करार झाला. त्यावर राज्याने आपल्या पाच लाखांची भर घातली. या करारांनी रुग्णांचे भले झाले असेल. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण यावरून सिद्ध काय झाले? मधल्या साडेसहा वर्षांत दिल्लीच्या झोपडपट्टीतील रुग्णाच्या आजारात बदल झाला नव्हता, त्याच्या मिळकतीतही झाला नव्हता. बदल झाला तो मतपेटीत. राजस्थानात याच्या उलट बाजूने तोच धडा मिळतो. तेथील चिरंजीवी योजनेचे छत्र २०२३ मध्ये २५ लाखांपर्यंत गेले, त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदलले आणि २०२४ मध्ये योजनेचे नाव बदलले. दर निवडणुकीला ज्या हक्काने पुन्हा जन्म घ्यावा लागतो, त्याला हक्क म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

आता केंद्राच्या बदलत्या धोरणाची दुसरी बाजू पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले की, वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, मग त्याचे उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचे छत्र मिळेल. सुमारे सहा कोटी वृद्धांना याचा लाभ व्हावा अशी अपेक्षा होती. निर्णय स्तुत्य. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्याची लाज ज्याने पाहिली आहे, तो याला नावे ठेवणार नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आरंभ करताना पंतप्रधानांनी, दिल्ली व पश्चिम बंगाल योजनेत नसल्याने तेथील वृद्धांची सेवा आपल्याला करता येत नाही, म्हणून त्यांची जाहीर क्षमा मागितली. ती क्षमा होती की चिमटा होता, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण या औदार्याच्या खर्चाचे ४० टक्के कोण देणार? राज्ये! घोषणा दिल्लीत आणि वसुली राजधान्यांत. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी अनेक राज्यांची गत झाली.

घोड्याला चारा मिळाला नाही की काय होते, तेही देशाने पाहिले. पैसे वेळेवर न आल्याने खाजगी रुग्णालयांची देयके तुंबतात. नियम सांगतो की राज्यांतर्गत दाव्याचा निकाल १५ दिवसांत आणि परराज्यातील रुग्णाच्या दाव्याचा ३० दिवसांत लागावा. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील खाजगी डॉक्टरांनी थकबाकीपायी या योजनेखालील उपचारच थांबविले. कार्ड खिशात आहे, नाव यादीत आहे, रोग पात्र आहे आणि दारावरचा कारकून सांगतो की सध्या बंद आहे! दोन सरकारांच्या हिशेबातील फरक शेवटी रुग्णाच्या नाडीवर येऊन पडतो, तो असा. रुग्णालयेही काही गंगेत न्हाऊन आलेली नाहीत. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने दाखवून दिले की सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच दूरध्वनी क्रमांकाला जोडलेले होते, आणि कागदोपत्री मृत दाखविलेल्या रुग्णांवरही पुढे उपचार झाल्याच्या नोंदी होत्या. जिवंत माणसाला पुरावा मागणारी यंत्रणा मेलेल्याला इतकी दयाळू कशी, याचे उत्तर कोणी द्यायचे?

नावांच्या वादाचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आरोग्य केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव देण्यास सांगितले. केरळने त्यास विरोध केला. पंजाबात त्याआधीच राज्य सरकारने आपल्या चिकित्सालयांची पाटी लावल्याने केंद्राने आरोग्य अभियानाचा निधी अडविला होता. भिंतीवर नाव कोणाचे यावर दोन सरकारे भांडत बसली आणि भिंतीआड परिचारिका आहे काय, कपाटात औषध आहे काय, हे विचारण्यास कोणास सवड झाली नाही.

हा खेळ एकट्या हिंदुस्थानातलाच नव्हे. संघराज्य म्हटले की ही ओढाताण आलीच, आणि अमेरिकेचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथे १९६५ पासून मेडिकेड नावाची गरिबांसाठीची योजना केंद्र व राज्ये मिळून चालवितात. २०१० च्या कायद्याने केंद्राने राज्यांना फर्माविले की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना सामावून घ्या, नाही तर आधीचे अनुदानही गमवा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निर्णय दिला की ही राज्यांवर बळजबरी होय. सरन्यायाधीशांनी तिला डोक्यास लावलेल्या पिस्तुलाची उपमा दिली. विस्तार ऐच्छिक झाला. परिणाम काय? विस्ताराचा ९० टक्के खर्च केंद्र देत असताही टेक्सास, फ्लोरिडा यांसह दहा राज्यांनी २०२५ अखेरपर्यंत तो स्वीकारला नव्हता. म्हणजे राज्याची रेषा ओलांडली की गरिबाचा विमा संपतो. ज्यांनी स्वीकारला त्यांतील काही राज्यांनी आधीच कायदा करून ठेवला की केंद्राचा हिस्सा कमी झाला तर हा विस्तार आपोआप रद्द होईल. जुलै २०२५ च्या नव्या केंद्रीय कायद्याने २०२७ पासून पुष्कळ प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचा किंवा तत्सम पुरावा द्यावा लागणार आहे. अशा अटीचा प्रयोग आर्कान्सास राज्याने २०१८ मध्ये केला तेव्हा काही महिन्यांतच सुमारे १८ हजार लोकांचा विमा गेला. त्यांतले पुष्कळ आळशी नव्हते. त्यांना कागद वेळेवर भरता आला नाही. कुबेराच्या देशातही गरिबाचा जीव अर्जाच्या रकान्यात अडकतो, हा त्यातला बोध.

हा बोध हाती घेऊन आपल्या दाराशी या. आपण सीमेवरची माणसे. आपल्याकडे रोगाच्या वाटा नकाशावरच्या रेषेला विचारून पडलेल्या नाहीत. बेळगाव-निपाणीचा रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरज-कोल्हापूरची वाट धरतो. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो. सावंतवाडी-दोडामार्गचा रुग्ण बांबोळीला जातो. ही वहिवाट कोणत्याही शासननिर्णयापेक्षा जुनी आहे. आणि नेमक्या याच वहिवाटेवर सरकारांचे अडसर पडतात. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटले. आपल्या करदात्यांच्या पैशांवर परराज्याचा भार का, हा गोव्याचा प्रश्न गैर नव्हता. पण त्याचे उत्तर दोन सरकारांनी आपसांत हिशेब करून द्यायचे होते. ते रुग्णाच्या नातलगांच्या कनवटीतून काढायचे नव्हते.

तेच ८६५ गावांचे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने १२ तालुक्यांतील ८६५ सीमागावांतील मराठी भाषकांसाठी महात्मा फुले योजना लागू करण्याचे ठरविले. त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी लगेच विरोध केला. पुढे तेथे सरकार बदलले, पण विरोध बदलला नाही. आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगावातील नावनोंदणीची केंद्रे प्रशासनाने बंद करविली. सार्वभौमत्वाला धक्का बसतो असे कारण दिले गेले. आम्ही विचारतो, मूत्रपिंडाच्या शुद्धीकरणाने सार्वभौमत्वाला कोणता धक्का बसतो? मुंबईतून बेळगावच्या रुग्णाचे देयक भागले, तर बंगळूरची तिजोरी हलकी होते की तिचा भार हलका होतो? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण ज्याने घडविली त्याने सीमाभाग पाहिला असला पाहिजे.

परंतु दुसऱ्याला खडे बोल सुनावताना आपल्या बाजूचे दोष झाकणे आम्हाला मान्य नाही. घोषणा करून टाळ्या घेणे सोपे असते. शेजारच्या सरकारशी बसून रुग्णालयांची नोंदणी, देयकांचा निकाल, तक्रारींचे निवारण यांची तजवीज करणे कठीण असते. महाराष्ट्राने पहिले केले. दुसऱ्यात तो उणा पडला. ज्या योजनेचा कारभार दुसऱ्याच्या हद्दीत चालवायचा, तिची बोलणी आधी व घोषणा मागाहून, हा साधा व्यवहार आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असे आमच्या माणसाने अनुभवले तर दोष एकट्या बंगळूरचा नव्हे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कर्नाटकाचे आरोग्य कार्ड घेतल्याने आपला सीमेचा दावा दुबळा होतो, असे कोणी सांगत असेल तर ते साफ खोटे आहे. आपण ज्या सरकारला कर भरतो त्याच्याकडून औषध घेणे ही शरणागती नव्हे. ती वसुली आहे. दावा न्यायालयात चालतो, रोग शरीरात चालतो, आणि रोग तारखा घेत नाही. म्हणून ज्यांची नावे केंद्राच्या यादीत असतील, ज्यांच्याकडे दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असेल, त्यांनी आपली नोंद अवश्य करून घ्यावी. आणि ज्या बाजूने जे मिळेल त्यावर हक्क सांगावा.

येथेच त्या योजनेतील एका फटीकडे लक्ष वेधतो, जिच्यात सीमेवरचा माणूस पहिल्याने पडतो. केंद्राच्या यादीतील कुटुंबाचे कार्ड परराज्यात चालते. त्याचे देयक मूळ राज्य भागविते. पण राज्याने स्वखर्चाने जोडलेल्या कुटुंबाला ही मुभा सामान्यतः नसते. म्हणजे निपाणीच्या दोन शेजाऱ्यांपैकी एक कोल्हापुरात उपचार घेऊ शकतो आणि दुसऱ्याला कागलच्या नाक्यावर आपले छत्र मिटावे लागते. मध्य भारतात किंवा सागरकिनारी राहणाऱ्याला ही फट दिसतही नसेल. आपल्या मात्र ती रोजच्या वाटेवर आहे.

यास्तव आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या केंद्र व राज्ये या दोहोंना उद्देशून आहेत.

पहिली: करार मोडो वा जुळो, सरकार येवो वा जावो, ज्याचा उपचार एकदा सुरू झाला त्याचा तो पुरा झालाच पाहिजे. कर्करोगाच्या औषधाची सहावी मात्रा पाचवीच्या सरकारवर अवलंबून असता कामा नये.

दुसरी: २०११ ची यादी मोडीत काढा आणि पात्रतेची नोंद नियमाने नवी होत राहील अशी व्यवस्था करा. केंद्राने नवा वर्ग जोडला तर त्याचा पहिल्या काही वर्षांचा पूर्ण खर्च केंद्राने उचलावा. दानाचा शब्द ज्याचा, थैलीही त्याचीच असावी.

तिसरी: राज्याने जोडलेल्या कुटुंबांचे कार्डही निदान शेजारच्या राज्यातील लगतच्या जिल्ह्यांत चालले पाहिजे. बेळगाव-कोल्हापूर, सिंधुदुर्ग-गोवा, सोलापूर-कलबुर्गी, नांदेड-निजामाबाद या जोड्यांना हे आज लागू करता येईल. हिशेब सरकारांनी आपसांत करावेत. रुग्णाला त्यात ओढू नये.

चौथी: रुग्णालयांची देयके ठरल्या मुदतीत न भागल्यास ज्या सरकारचा हिस्सा थकला असेल त्याचे नाव दर महिन्याला प्रसिद्ध व्हावे. जाहिरातीत ज्यांची छायाचित्रे येतात, त्यांची नावे थकबाकीच्या फलकावरही यावीत. श्रेय घेताना पुढे आणि देणे देताना मागे, हा न्याय आता पुरे झाला.

या मागण्यांना पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सार्वजनिक आरोग्यावर खर्च करण्याचे वचन होते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करण्यास सांगितले होते. वचन देणारे आम्ही नव्हे. दिलेला शब्द पाळा, एवढेच आम्ही म्हणतो. आणि हेही विसरू नका की ही सारी छत्रे मुख्यत्वे इस्पितळातील खाटेसाठी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, दर आठवड्याचा प्रवास हा खर्च आजही घरच्याच डब्यातून जातो. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकंदर आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली आहे. पण रुपयातले जवळजवळ सहा आणे अजून आजाऱ्याच्याच पदरचे जातात.

वाचकहो, मते मागायला येणाऱ्यांची आपल्या दाराशी कधी वाण नसते. कोणी दिल्लीच्या योजनेचे गोडवे गाईल, कोणी बंगळूरच्या, कोणी मुंबईच्या. त्या सर्वांना बसायला पाट द्या, पाणी द्या आणि एकच प्रश्न विचारा: या कार्डावर, या रोगासाठी, रेषेपलीकडच्या त्या इस्पितळात, सरकार बदलल्यानंतरही उपचार होईल काय? होय की नाही? जो 'पाहू' म्हणेल त्याला पाणी पिऊन झाल्यावर वाट दाखवा. जो 'होय' म्हणेल त्याच्याकडून ते कागदावर लिहून घ्या, त्याची एक प्रत गावच्या चावडीवर लावा, आणि पाच वर्षांनी तो पुन्हा आला की त्याच कागदापुढे त्याला उभा करा.